गेम इन्स्टॉल झाला, पण चालू होत नाही? फॉरमॅट मारू नका, निदानाचे पैसे घ्या



विषय वाचून काही जण म्हणतील, "सर, आम्ही धंदा शिकायला येतो, त्यात हा गेम कुठून आला?" सांगतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही जा. स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं एक तरी छोटं दुकान दिसेलच. आमच्या प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन जण तरी असंच दुकान किंवा घरपोच सर्व्हिस सुरू करायच्या तयारीत असतात. त्यांच्याकडे हमखास येणारी तक्रार म्हणजे, "गेम इन्स्टॉल झाला, आयकॉनवर क्लिक केलं तर काहीच होत नाही."

माझं मत सरळ सांगतो. या तक्रारीवर जो दुकानदार पहिल्या पाच मिनिटांत "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणतो, तो कस्टमरचं नुकसान करतो आणि स्वतःचा धंदाही लहान ठेवतो. आपण विकायची गोष्ट म्हणजे निदान. त्याचे पैसे उघडपणे, बोर्डावर लिहून घ्यायला शिका.

एका फॉरमॅटची गोष्ट

आमच्या एका बॅचमधला मुलगा. बोरिवलीला छोटा गाळा, एकटाच सगळं बघायचा. दिवाळीच्या आधी बारावीतला एक पोरगा रिक्षात घालून असेम्बल केलेला कॉम्प्युटर घेऊन आला. ऑनलाइन खेळायचा शूटिंग गेम, इन्स्टॉल नीट झालेला, पण सुरू करताना मेसेज येऊन बंद पडायचा. आपल्या मित्राने विचारलं, "डेटा काही आहे का?" पोरगा म्हणाला, "नाही, काही नाही." झालं. फॉरमॅट, नवीन विंडोज, ड्रायव्हर, परत गेम डाउनलोड. अख्खा दिवस गेला. आठशे रुपये घेतले.

घरी जाऊन गेम लावला, तर तोच मेसेज.

दुसऱ्या दिवशी पोराची आई दुकानात आली. ती घरून फराळाच्या ऑर्डर घ्यायची. कोणाला किती किलो चकली, कोणाचा ॲडव्हान्स आला, कोणाचा बाकी, ती सगळी यादी त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर एका एक्सेल फाईलमध्ये होती. मुलाला ती "डेटा" वाटलीच नव्हती. फाईल परत मिळाली नाही. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता एकेकीला फोन करून विचारावं लागेल, तुम्ही काय सांगितलं होतं म्हणून." आठशे रुपये आपल्या मित्राने परत केले, पण तेवढ्याने काय भरून येणार?

मुळात बिघाड कुठे होता? बायोसमधलं सिक्युअर बूट बंद होतं. काही ऑनलाइन गेमना चीटिंग रोखणारं जे सॉफ्टवेअर असतं, ते हे चालू असल्याशिवाय गेम उघडूच देत नाही. आणि बायोसचं सेटिंग हार्ड डिस्कवर नसतं, मदरबोर्डवर असतं. दहा वेळा फॉरमॅट मारला असता तरी ते बदललं नसतं. मेसेज नीट वाचला असता तर काम अर्ध्या तासाचं होतं. फराळवाल्या ताई आपल्यासारख्याच छोट्या उद्योजक. एका छोट्या उद्योजकाच्या घाईने दुसरीचा सीझन अडचणीत आला, हे मला आजही टोचतं.

फॉरमॅटच्या बाजूनेही बोलूया

दुकानदार मूर्ख नसतात. फॉरमॅट का मारतात? कारण अनेकदा तो लागू पडतो. बिघडलेला ड्रायव्हर, गायब फाईल, मध्ये तडमडणारं दुसरं सॉफ्टवेअर, सगळं एका झाडूत साफ होतं. शिवाय कस्टमरला "मोठं काम केलं" असं वाटतं, म्हणून तो पैसे देताना कुरकुर करत नाही. पंधरा मिनिटांत दुरुस्त करून दिलं तर म्हणतो, "एवढ्याशा कामाचे पैसे?"

पण हिशोब करा. आजचे मोठे गेम ८०-९० जीबीचे असतात. घरातल्या १०० एमबीपीएसच्या इंटरनेटवर ९० जीबी उतरवायला सगळं सुरळीत चाललं तरी दोन तास लागतात, आणि तेवढं सुरळीत क्वचितच चालतं. त्यात विंडोज, अपडेट, ड्रायव्हर. म्हणजे एका टेबलावर एक मशीन दिवसभर अडकलं. आणि एवढं करून गेम चालला, तरी कशामुळे चालला हे तुम्हाला कळलेलं नसतं. पुढचं तसंच मशीन आलं की परत पहिल्यापासून सुरुवात. शंभर फॉरमॅट मारलेला माणूस आणि शंभर निदानं केलेला माणूस, पाच वर्षांनी यांच्यात काय फरक असेल, तुम्हीच सांगा.

निदानाचा क्रम

हा क्रम प्रिंट काढून काउंटरवर चिकटवा. सोपं आणि धोका नसलेलं आधी, अवघड आणि परत न फिरवता येणारं शेवटी, एवढंच त्याचं सूत्र.

१. आधी विचारा. क्लिक केल्यावर नक्की काय होतं? काहीच होत नाही, खिडकी येऊन लगेच जाते, काळा स्क्रीन राहतो की मेसेज येतो? मेसेज येत असेल तर मोबाइलने फोटो काढा आणि शब्दन् शब्द वाचा. हा गेम आधी कधी चालला होता का? चालला असेल तर मध्ये काय बदललं? नवीन अँटिव्हायरस, विंडोज अपडेट, नवीन मॉनिटर? निम्मं निदान इथेच होतं.

२. मशीनची ताकद बघा. स्टार्टमध्ये "डीएक्सडायग" टाइप केलं की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डायरेक्टएक्सचं व्हर्जन समोर येतं. गेमच्या पानावर दिलेल्या किमान गरजेशी ते पडताळा. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट बंद केला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर तासभर झटापट करण्याआधी ही दोन मिनिटं द्या.

३. रीस्टार्ट करा, मग थांबा. गेम आधीच मागे अर्धवट चालू असतो आणि म्हणून दुसऱ्यांदा उघडत नाही, हे बऱ्याचदा होतं. टास्क मॅनेजरमध्ये बघा, दिसला तर बंद करा. उलट काही गेम पहिल्यांदा उघडताना शेडर तयार करायला काही मिनिटं घेतात. कस्टमर घाबरून बंद करतो आणि म्हणतो "चालत नाही".

४. फाईल तपासून घ्या. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे व्हेरिफायचं बटण. एपिकच्या लाँचरमध्येही अशीच सोय आहे. खराब झालेल्या तेवढ्याच फाईल परत उतरतात. ९० जीबी पुन्हा उतरवायची गरज नाही.

५. अँटिव्हायरसने काही उचललंय का? विंडोज सिक्युरिटीमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी बघा. गेमची मुख्य फाईलच तिथे कोंडलेली सापडते. गेम अधिकृत असेल तर तेवढ्या फाईलला परवानगी द्या. अख्खा अँटिव्हायरस बंद करून मशीन परत देऊ नका.

६. रनटाइम. "एमएसव्हीसीपी१४० डीएलएल सापडत नाही" अशा अर्थाचा मेसेज आला, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल टाका, ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं. कुठल्यातरी साइटवरून सुटी डीएलएल फाईल आणून चिकटवणं म्हणजे रस्त्यावर सापडलेली गोळी पेशंटला देण्यासारखं आहे.

७. ग्राफिक्स. ड्रायव्हर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरूनच घ्या. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमला हाय परफॉर्मन्स लावा. डेस्कटॉप असेल तर मागे वाकून बघा, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात. हसू नका. महागडं कार्ड घेऊन केबल मदरबोर्डात लावलेले लोक खूप आहेत.

८. युजरचं नाव. हा आपल्याकडचा खास मुद्दा. कोणीतरी हौसेने विंडोजच्या युजरचं नाव मराठीत टाकलेलं असतं. मग युजरच्या फोल्डरचं नावही देवनागरीत होतं आणि काही गेमना तो पत्ता वाचताच येत नाही. नंतर नाव बदललं तरी फोल्डर तोच राहतो. इंग्रजी अक्षरांत एक नवीन युजर तयार करून त्यातून गेम लावून बघा. चालला तर कारण सापडलं.

९. विंडोजची डायरी वाचा. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा. कोणत्या दिवशी काय कोसळलं ते तारखेनिशी दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "फॉल्टिंग मॉड्यूल" म्हणून एक नाव दिलेलं असतं. ते ग्राफिक्स ड्रायव्हरचं आहे की रनटाइमचं, यावरून पुढची दिशा मिळते.

१०. बायोस. व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतात. पण इथे हात जपून. बिटलॉकर चालू असेल तर बदल केल्यावर मशीन रिकव्हरी की मागू शकतं, ती आधीच काढून ठेवा. आणि जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेली डिस्क असेल, तर सेटिंग बदलल्यावर विंडोजच चालू होणार नाही. आधी बॅकअप, मग बायोस.

एवढं सगळं झालं, कारण सापडलं नाही, तर फॉरमॅट. तेव्हाही कस्टमरला "डेटा आहे का?" असं विचारू नका. त्याला शेजारी बसवा, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स एकेक उघडून दाखवा, आणि घरातलं आणखी कोण हे मशीन वापरतं ते विचारा. आपल्याकडे कॉम्प्युटर एकाचा नसतो, घराचा असतो.

मेसेजवर विश्वास ठेवा, पण आंधळा नको

एक मोठं उदाहरण देतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम सुरू होतानाच कोसळायचे. स्क्रीनवर मेसेज यायचा की व्हिडिओ मेमरी कमी पडली. लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नवीन टाकलं, काहींनी ग्राफिक्स कार्डच बदललं. दुखणं प्रोसेसरमध्ये होतं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये बायोस अपडेटमधून त्यावर इलाज आला, आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण जो प्रोसेसर आधीच खराब झाला होता तो अपडेटने बरा होत नव्हता, बदलूनच घ्यावा लागत होता.

आता विचार करा. असा प्रोसेसर घेऊन कस्टमर तुमच्याकडे आला. एकाने फॉरमॅट मारून पैसे घेतले आणि आठवड्याने तीच रड. दुसऱ्याने प्रोसेसरचं मॉडेल बघितलं, बायोस अपडेट केला आणि सांगितलं, "साहेब, तरीही कोसळला तर बिल शोधून ठेवा, वॉरंटीत बदलून मिळेल." दुसऱ्याने एकही पार्ट विकला नाही. पण त्या कस्टमरच्या अख्ख्या सोसायटीचे कॉम्प्युटर कोणाकडे येतील?

"नाही चालणार" हेसुद्धा उत्तर आहे

मशीनच कमी पडत असेल तर स्पष्ट सांगा. आणि आणखी एक गोष्ट सांगा, जी बरेच जण सांगत नाहीत. गेम स्टीमवर विकत घेतला असेल, घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला गेला असेल, तर रिफंड मागता येतो. म्हणूनच काळा स्क्रीन तासन्‌तास तसाच चालू ठेवू नका, तो वेळही खेळण्यात मोजला जाऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, रिफंड सांगितला तर आपला धंदा गेला. माझं म्हणणं, निदानाचे पैसे घेतलेत ना? मग धंदा झाला. ज्या घरात महिन्याचा हिशोब घालून गेम घेतला जातो, तिथे हजार-दोन हजार परत मिळवून देणारा माणूस लक्षात राहतो.

क्रॅक केलेल्या गेमबद्दल माझं मत याहून कडक आहे. असा गेम दुरुस्तीला आला तर नम्रपणे नाही म्हणा. "सगळेच वापरतात" हे उत्तर नाही. तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच मशीनवर बाबांचं नेट बँकिंग असतं. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बी प्रमाणे प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. दोन-चारशे रुपयांसाठी दुकानाचं नाव त्यात गुंतवू नका. आणि गेमिंग कॅफे काढणार असाल तर हेही लक्षात घ्या की स्टीमचं साधं खातं वैयक्तिक वापरासाठी असतं. कॅफेसाठी त्यांची वेगळी योजना आहे. सुरुवातच सरळ करा.

पैसे कसे मागायचे?

हा खरा अडसर. "नुसतं बघायचे पैसे?" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. डॉक्टरकडे आपण नुसतं बघायचे पैसे देतोच की. तरी मान्य आहे, आपल्या धंद्यात ही सवय अजून नाही आणि ती लावताना सुरुवातीला दोन-चार कस्टमर जातील. मला वाटतं, ते जाऊ द्यावेत.

पद्धत अशी ठेवा. बोर्डावर लिहा, "तपासणी फी २५० रुपये. काम इथे केल्यास बिलातून वजा." आकडा तुमच्या भाड्याप्रमाणे आणि एरियाप्रमाणे बदला, पण लिहा. तोंडी सांगितलेली फी घासाघिशीत जाते, लिहिलेली टिकते. तपासणी झाली की एक चिठ्ठी द्या. लक्षण काय, काय काय तपासलं, कारण काय, इलाज काय, खर्च किती. ती चिठ्ठी घेऊन कस्टमर दुसरीकडे गेला तरी चालेल. तुमचे २५० मिळालेत.

त्याच चिठ्ठीची नोंद एका वहीत करा. तारीख, मशीन, लक्षण, कारण, लागलेला वेळ. पन्नास नोंदी झाल्या की कोणता बिघाड सारखा येतो ते दिसायला लागेल. मग त्या बिघाडाला पंधरा मिनिटं पुरतील, आणि उद्या मदतनीस ठेवलात तर त्याला शिकवायला पुस्तक तयार असेल.

लॅमिंग्टन रोडशी स्पर्धा करू नका

पार्टच्या भावात तुम्ही लॅमिंग्टन रोडला हरवू शकणार नाही. ऑनलाइनवाल्यांना तर नाहीच. पण मुलुंडच्या माणसाला कॅबिनेट उचलून ग्रँट रोड गाठायचं म्हणजे मध्ये गाडी बदलणं आलं. बोरिवलीच्या माणसाने संध्याकाळच्या गर्दीत ग्रँट रोडहून कॅबिनेट घेऊन परतीच्या लोकलमध्ये चढून दाखवावं. तुम्ही मात्र एक पेन ड्राइव्ह आणि ही दहा मुद्द्यांची यादी घेऊन त्याच्या घरी जाऊ शकता. घाटकोपरचा मुलगा मेट्रोने अंधेरीचा कॉलही करू शकतो. या दहातल्या बहुतेक कामांना पार्ट लागतच नाही. म्हणजे भांडवल कमी, माल अडकून पडत नाही, उधारी नाही. नवीन माणसाला याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, स्वतःच्या कॉम्प्युटरवर रिलायबिलिटीची हिस्टरी उघडा आणि शेवटच्या तीन नोंदींचं कारण शोधा. दोन, तुमच्या तपासणी फीचा बोर्ड लिहा आणि लावा. तीन, घरातल्या किंवा शेजारच्या एका मशीनचं निदान करून चिठ्ठी लिहा, फॉरमॅट न मारता.

आणि फॉरमॅटचं बटण दाबायची वेळ आलीच, तर एक क्षण थांबून विचारा, या कॉम्प्युटरवर आणखी कोणाचं काम आहे? त्या फराळवाल्या ताईंसाठी तरी.

भेटू पुढच्या व्हिडिओत.